महास्फोट, हिरण्यगर्भ आणि जेवणाच्या ताटावरचं भांडण

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरी सासरे आहेत, वय ७९, माळकरी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मुलगी पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. आषाढीला ती घरी आली होती. फराळाच्या वेळी आप्पांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला : बिग बँग म्हणजे आपला हिरण्यगर्भच, आणि सूर्यातून ओंकाराचा ध्वनी येतो हे नासानेही मान्य केलंय. मुलगी म्हणाली, "आप्पा, विश्व शून्यातून आपोआप आलं हे सिद्ध झालंय. देवाला त्यात कामच उरलेलं नाही." आप्पा ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून दोघं फोनवरही बोलत नाहीत. आमचे हे म्हणतात, दोघांचंही बरोबर आहे, वाद कशाला!

खरं सांगायचं तर प्रश्न माझाही आहे. वर्गात एका मुलानं विचारलं, "बाई, मग जग देवानं केलं का स्फोटानं?" मी म्हणाले, "परीक्षेत स्फोट लिही." वर्ग हसला. त्या दिवशी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हात अडखळला. मी ढोंगी आहे का?
— एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

सुरुवात तुमच्या यजमानांपासून करते. दोघांचंही बरोबर नाही. दोघांचंही चुकलंय, आणि गंमत म्हणजे एकाच जागी चुकलंय. पण चुकीचं वजन सारखं नाही, तेव्हा आधी हिशेब करू.

आप्पांनी वाचलेला मजकूर खोटा आहे, हे गुळमुळीत न बोलता मान्य करायला हवं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२१ वं सूक्त हे हिरण्यगर्भाचं. आरंभी हिरण्यगर्भ होता, तोच सर्व भूतांचा एकमेव स्वामी, त्यानंच पृथ्वी आणि द्युलोक धरून ठेवले, असं ते सांगतं. आणि ऋचेमागून ऋचा विचारत जाते : आम्ही हवि अर्पण करावा तो कोणत्या देवाला? फार मोठी कविता आहे ती. पण तिच्यात प्रसरण पावणारं अवकाश नाही. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत सुमारे तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग हेलियम या वजनी प्रमाणात द्रव्य का तयार झालं, हे ती सांगत नाही. सांगायचा तिचा इरादाही नव्हता. ओंकाराचंही तेच. सूर्याच्या पोटात ध्वनिलहरी खरोखरच असतात आणि त्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या लयीत हलतो. पण मधल्या पोकळीतून आवाज आपल्यापर्यंत येऊ शकत नाही. शास्त्रज्ञ ती कंपनं मोजतात आणि कानाला ऐकू यावीत म्हणून हजारो पटींनी वेगवान करतात. मग एक घुमणारा आवाज निघतो. त्यात ज्याला जे ऐकायचं ते ऐकू येतं.

आता लेकीचं वाक्य. "शून्यातून आपोआप आलं, सिद्ध झालंय." तिच्या प्राध्यापकांसमोर हे वाक्य तिनं असंच टाकलं तर ते लगेच भुवई उंचावतील. महास्फोटाचा सिद्धांत सांगतो तो इतकाच की आजचं विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट, अतिशय तप्त अवस्थेत होतं आणि तेव्हापासून ते पसरत, निवत आलं. त्यानंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी ते इतकं निवलं की प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश आज सगळीकडून, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत खालच्या शक्य तापमानाच्या, जेमतेम २.७ अंश वर अशा थंडगार सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या दोघांनी तो सापडल्याचं जाहीर केलं. इथपर्यंत पाय भक्कम जमिनीवर आहेत. मागे मागे जात पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म तुकड्यापर्यंत गेलं की आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकशास्त्र) यांचं आपसात जुळत नाही. तिथे सिद्ध झालेलं काही नाही, सूचना आहेत. १९७३ मध्ये एडवर्ड ट्रायन यांनी विश्व हे पोकळीतलं एक चढउतार असू शकेल असं सुचवलं. १९८२ मध्ये अलेक्झांडर विलेंकिन त्याहून पुढे जाऊन 'काहीच नसण्या'पासून सुरुवात करून पाहू लागले. हुशारीच्या कल्पना आहेत. पण भौतिकशास्त्रातल्या पोकळीला ऊर्जा असते, क्षेत्रं असतात. आणि विलेंकिन यांच्या 'काहीच नाही'लाही पुंजभौतिकीचे नियम आधीपासून लागू असावे लागतात. ते नियम कुठून आले, हा प्रश्न तिथेही जिवंतच राहतो.

म्हणून म्हटलं, दोघं एकाच जागी घसरले. दोघांनीही एका वैज्ञानिक सिद्धांताला देवाबद्दल साक्ष द्यायला उभं केलं, एकानं बाजूनं आणि एकीनं विरुद्ध.

असं करू नका, हे सर्वांत ठामपणे ज्यानं सांगितलं तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि महास्फोटाची कल्पना मुळात त्याचीच. जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४, बेल्जियम. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, १९२३ मध्ये धर्मगुरू झाला, केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या हाताखाली शिकला. १९२७ मध्ये त्यानं आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून विश्व पसरतंय असं दाखवलं, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ हबलच्या विश्वप्रसरणावरच्या प्रसिद्ध निबंधाच्या दोन वर्षं आधी. आइन्स्टाइननं त्याला सुनावलं की गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. १९३१ मध्ये त्यानं 'नेचर' या विज्ञानपत्रिकेला एक छोटं पत्र लिहिलं : सगळं विश्व एका आदिअणूपासून सुरू झालं असावं. त्या पत्राच्या टंकलिखित मसुद्यात शेवटी देवाबद्दल एक परिच्छेद होता. देव हा मुळात लपलेलाच असतो आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या आरंभावर पडदाच टाकतं, अशा अर्थाचा. छापायला पाठवण्याआधी तो परिच्छेद खोडला गेला. मला हा माणूस आवडतो तो त्या खोडलेल्या ओळींसाठी. श्रद्धा सोडून दिली म्हणून त्या ओळी गेल्या नाहीत. त्या जागी त्यांचं काम नव्हतं.

खरी कसोटी पुढे लागली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी पोपच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केलं आणि आधुनिक विज्ञान बायबलातल्या 'प्रकाश होवो' या आदिम क्षणाची साक्ष देतंय असं सुचवलं. लमेत्र त्या अकादमीचा सदस्य. एखाद्या शास्त्रज्ञाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? लमेत्र अस्वस्थ झाला. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख डॅनियल ओकॉनेल यांच्याबरोबर त्यानं प्रयत्न केले, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले तेव्हा पोपच्या भाषणात तो दावा पुन्हा आला नाही. न आला ते बरंच झालं. त्याच परिषदेत खगोलशास्त्रज्ञ वाल्टर बाडे यांनी दीर्घिकांची (गॅलेक्सींची) अंतरं आजवर निम्मीच धरली जात होती असं जाहीर केलं, आणि विश्वाचं वय एका फटक्यात दुप्पट झालं. श्रद्धा जुन्या आकड्याला बांधली असती तर तिलाही त्याच्या मागे धावावं लागलं असतं. पुढे १९५८ मध्ये शास्त्रज्ञांच्या सोल्व्हे परिषदेत लमेत्रनं स्पष्टच सांगितलं की हा सिद्धांत धार्मिक किंवा पारलौकिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे आणि नास्तिकाला देव नाकारायची मोकळीक तो तशीच ठेवतो. एका धर्मगुरूनं सांगितलं हे.

आता हीच गोष्ट उलट बाजूनं. 'बिग बँग' हा शब्द ज्यानं बीबीसीच्या रेडिओवर १९४९ मध्ये पहिल्यांदा वापरला त्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलला हा सिद्धांत मुळीच पटत नव्हता. विश्वाला आरंभ मानणं त्याला धर्माचा वास येण्यासारखं वाटे. १९४८ मध्ये त्यानं आणि बाँडी व गोल्ड या दोघांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला : विश्व पसरतं, पण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं, म्हणून त्याला ना आदि ना अंत. हॉइलचे विद्यार्थी म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर. त्यांनी अखेरपर्यंत महास्फोट मान्य केला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर सुधारित पर्याय मांडला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही, कारण निरीक्षणांचं पारडं दुसरीकडे झुकलं होतं. पण नारळीकरांनी आपल्या बाजूनं कुठल्याही ग्रंथाची साक्ष काढली नाही. उलट फलज्योतिषाचा दावा आकडेवारीनं तपासायला ते पुण्यात स्वतः उतरले होते.

हे मुद्दाम सांगते, कारण आप्पांशी बोलायची एक वाट यातून निघते. आप्पा माळकरी आहेत, म्हणजे गीतेचा पंधरावा अध्याय तोंडपाठ असणार. त्यातलाच तिसरा श्लोक आठवा : या संसारवृक्षाचं रूप इथे आढळत नाही, 'नान्तो न चादिर्न च संप्रतिष्ठा'. अंत नाही, आदि नाही, आधार नाही. आता मोबाइलवरच्या मजकुराचीच रीत वापरायची तर मी उद्या लिहू शकते की गीतेनं महास्फोट खोडून काढला आणि नारळीकरांचा सिद्धांत आधीच सांगून ठेवला. पुराणांतल्या ४३२ कोटी वर्षांच्या कल्पावरून आणि प्रलयानंतरच्या नव्या सृष्टीवरून कुणी पुन्हा पुन्हा आकुंचन-प्रसरण पावणारं विश्व सिद्ध करेल. हिरण्यगर्भावरून महास्फोट आहेच. म्हणजे शास्त्रज्ञांच्या भांडणात कुणीही जिंको, सातबाऱ्यावर नाव आपलंच. काहीही घडलं तरी जो पुरावा आपल्याच बाजूनं लागतो तो पुरावा नसतो. हे वर्गात मुलांना तुम्ही शिकवतच असाल, घरी सांगायला जड जातं एवढंच.

आणि मग ऋग्वेदाच्या त्याच दहाव्या मंडलातलं १२९ वं, नासदीय सूक्त. सात ऋचा. तेव्हा असतही नव्हतं आणि सतही नव्हतं, इथून सुरुवात. मग सरळ प्रश्न : 'को अद्धा वेद', नक्की कुणाला ठाऊक? देवसुद्धा या विसृष्टीनंतरचे, मग ती कुठून झाली हे कोण सांगणार? शेवटची ऋचा परम व्योमातल्या अध्यक्षावर येते, 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद'. त्याला ठाऊक असेल, किंवा नसेलही. आप्पांचा मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकं हेच सूक्त का वगळलं असेल? कारण इथे वेद छाती फुगवून काही सांगत नाहीत. ते विचारतात.

लेकीला एक गोष्ट कदाचित माहीत नसेल. जगाला कर्ता नाही असं म्हणून ती परंपरेबाहेर पडलेली नाही. वेदांना सर्वांत चिकटून असलेले पूर्वमीमांसक म्हणत की जग कधी निर्माण झालंच नाही, ते असंच चालत आलंय, आणि कुमारिलभट्टांनी सृष्टिकर्त्या ईश्वराविरुद्ध चांगले सणसणीत मुद्दे मांडले. जैनांच्या मते विश्व अनादि-अनंत आहे, घडवणारा कुणी नाही. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचं, म्हणणं उलटं : जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. हा वाद शतकानुशतकं चालला, एकाच भूमीवर, आणि कुणाचं ताट अर्धवट राहिलं असेल तर त्याची नोंद नाही.

तत्त्वज्ञानाचा खरा प्रश्न उरतो तो वेगळा आहे, आणि तो खगोलशास्त्राच्या दुर्बिणीत मावत नाही. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी म्हटलं की जगाला काळात आरंभ होता की नव्हता हे निव्वळ तर्कानं ठरवता येत नाही. ते स्वतः धर्मग्रंथाच्या आधारे आरंभ मानत. पण जग अनादि असलं तरी ते ईश्वरावर अवलंबून असू शकतं, असं त्यांचं मत होतं. पहिली घडी आणि आधार, या दोन वेगळ्या गोष्टी. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझनं अठराव्या शतकात तो प्रश्न फार साधा करून टाकला : काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? याला 'ईश्वर म्हणून' असं उत्तर देता येतं. 'ते आहेच, कारण विचारू नका' असंही देता येतं. मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं आणि पहिलं जास्त आकर्षक. पण दोन्हीपैकी एकही प्रयोगशाळेत तपासता येत नाही, आणि ते तपासल्याचा आव आणला की भांडण सुरू होतं.

आता तुमचा दिवा.

१९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले अब्दुस सलाम नमाज पढणारे, नोबेलच्या मेजवानीत कुराणातली आयत म्हणणारे. स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक, विश्व जितकं समजत जातं तितकं ते निरर्थक वाटू लागतं असं लिहिणारे. दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच सिद्धांतापर्यंत पोचले. एकाच्या श्रद्धेनं समीकरणातलं एक चिन्ह बदललं नाही, दुसऱ्याच्या अश्रद्धेनंही नाही. यातला ढोंगी कोण? ढोंग कशात असतं ते सांगते. वर्गात शिकवताना मनात 'हे खरं नाही' म्हणत असाल तर ते ढोंग. देवापुढे उभं राहताना केवळ सासरे बघतात म्हणून हात जोडत असाल तर तेही. यांतलं काही तुमच्या पत्रात मला दिसलं नाही. हरिपाठ म्हणणारी बाई विश्वाच्या वयाचा आकडा सांगत नसते. पंढरीच्या वाटेवर चालणारा कुणीही हेलियमचं प्रमाण जुळलं म्हणून चालत नाही, आणि नाही जुळलं तर परतही फिरणार नाही. आप्पांना हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून तर त्यांनी मोबाइलवरच्या मजकुराचा आधार घ्यावा याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या पांडुरंगाला नासाच्या दाखल्याची गरज कधी होती?

एक मात्र जपून. 'विज्ञान वेगळं, श्रद्धा वेगळी' म्हणून सगळंच झाकता येत नाही. धर्माच्या नावानं कुणी पृथ्वीच्या वयाबद्दल, ग्रहणाच्या परिणामाबद्दल, पत्रिकेतल्या मंगळाबद्दल बोललं की ते विज्ञानाच्या हद्दीत आलं. तिथे त्याला तपासणीला सामोरं जावंच लागेल. ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरू नये, असल्या गोष्टींवर तुम्ही वर्गात गप्प राहत असाल तर ते मला तुमच्या दिव्यापेक्षा जास्त खटकेल.

त्या मुलाला मात्र तुम्ही कमी दिलंत. 'परीक्षेत स्फोट लिही' यातून त्यानं शिकलं ते असं की बाईंना खरं उत्तर माहीत आहे, पण त्या सांगत नाहीत. पुढच्या तासाला पुन्हा विषय काढा. स्फोट म्हणजे फटाक्यासारखं कुठल्या तरी एका जागी फुटणं नव्हे, सगळं अवकाशच ताणलं गेलं, हे समजावा. ते कशावरून कळलं ते सांगा. त्याआधी काय होतं हे अजून कुणालाही ठाऊक नाही, असं फळ्यावर लिहा. देवानं केलं का, हा प्रश्न वेगळा आहे, माणसं त्यावर हजारो वर्षं विचार करताहेत आणि तुलाही करता येईल, असं म्हणा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे झेपतं.

राहिलं घर. मध्यस्थी तुम्ही करू नका. दोघांचे निरोप वाहून नेलेत तर दोघंही तुमच्यावरच चिडतील. लेकीला एवढंच सांगा की तिच्या अश्रद्धेबद्दल माफी मागायची गरज नाही, पण 'सिद्ध झालंय' हे शब्द मागे घ्यावे लागतील. तिच्याच विषयाचा तो नियम आहे. आणि एकादशीला ताटावर बसलेल्या ७९ वर्षांच्या माणसाला 'देवाला काम उरलं नाही' म्हणणं म्हणजे त्यानं विश्व ऐकलंच नाही, 'तुमचा जन्म फुकट गेला' एवढंच ऐकलं. आप्पांच्या वाक्यातून तिनंही ऐकलं ते हेच : तू पुण्यात शिकतेस त्यात नवं काय?

फोनवर बोलायला विषय हवा असेल तर एक आहे. छपरावर अँटेना असायची, केंद्र बंद झालं की टीव्हीवर मुंग्या यायच्या. ती अँटेना फिरवायला कुणाला वर चढवायचे ते आप्पांना आठवत असेल. त्या मुंग्यांतल्या साधारण शंभरातली एक त्या आदिम प्रकाशामुळे असायची. म्हणजे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा निरोप तुमच्या माजघरात येत होता आणि आप्पा 'सिग्नल गेला' म्हणत उठत होते. हे लेकीनं त्यांना सांगू दे. यात देव आहे की नाही ते तिनं सांगायचं नाही. आप्पांना जे म्हणायचं ते ते म्हणतील, आणि तेव्हा तिनं ऐकायचं.

दिवाळीला ती आली की लक्ष्मीपूजनाला बसायचं की नाही, हा प्रश्न येणारच. तो आत्ताच मिटवा, ऐनवेळी चौरंगापुढे नको. तिला बसायचं नसेल तर जबरदस्ती नको आणि टोमणेही नकोत. रांगोळी आणि फराळाची तयारी तिच्याकडे द्या. आप्पांना हे यजमानांनी सांगावं. 'दोघांचंही बरोबर' म्हणून सुटण्याइतकं सोपं काम त्यांना आजवर मिळालं, आता हे एक करू दे.